पावसाच्या पाण्याची परवानगी

पाणी उताराकडे वाहते, हा निसर्गाचा नियम आहे. उतारावर कोणी राहायचे, हे मात्र माणसांनी ठरवले. आपल्या खेड्यांत महारवाडा, मांगवाडा गावाच्या खालच्या अंगाला का असतो, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. शहरात आल्यावर ही रचना मोडेल अशी आपल्या मागच्या पिढीची अपेक्षा होती. ती पुरती मोडली नाही. गावकुसाची जागा नाल्याच्या काठाने घेतली, आणि वरचे पाणी खाली आपल्या दारात येत राहिले.

ह्या लेखात मला एका कोरड्या वाटणाऱ्या विषयाची माहिती द्यायची आहे. मोठी इमारत उभी राहते तेव्हा तिच्या आवारात पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचे काय करायचे, ह्यासाठी कोणत्या परवानग्या लागतात, त्या कोण देतो, अर्जात काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, एवढाच हा विषय. साहित्य, धर्म, राखीव जागा ह्यांवर आपण पुष्कळ लिहितो. नकाशा, उतार, मोरीची रुंदी ह्यांवर बोलण्याचे काम मात्र आपण इंजिनियरांवर सोपवून मोकळे झालो आहोत. मी भूगोल शिकवतो. पर्यावरण हा सक्तीचा विषयही माझ्याकडेच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आले. वडील नाक्यावर उभे राहून बिगारी काम करीत आणि पावसाळ्यापूर्वी महिनाभर नालेसफाईच्या ठेकेदाराकडे जात. बांधकाम आणि गटार ह्या दोन्ही गोष्टी आमच्या घरात भाकरी म्हणून आल्या. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार मी कोणाकडे मागायला जाणार नाही.

१. पाण्याचा हिशेब

प्रथम हिशेब पाहू. तो शाळेतल्या गणितापेक्षा अवघड नाही. एक हेक्टर जमीन, म्हणजे सुमारे अडीच एकर, घ्या. तिच्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एका तासात ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी पडते. जमीन मोकळी, गवताळ, झाडांची असेल आणि तिच्यावरून समजा तीस टक्केच पाणी वाहून गेले, तर नाल्यात दीड लाख लिटर येईल. बाकीचे मुरेल, साचेल, हळूहळू निघेल. त्याच जमिनीवर काँक्रीट, फरशी आणि तळघर आले की जवळजवळ सगळे पाच लाख लिटर तासाभरात नाल्याच्या तोंडाशी येऊन उभे राहते. पाऊस तेवढाच, नाला तेवढाच. ओझे मात्र तिपटीहून अधिक. पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून जाईल ह्या प्रमाणाला तंत्रज्ञ अपधावाचा गुणांक म्हणतात. ह्या एका आकड्यात शहराचे सारे राजकारण मावते.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या. तोही ओहोटीच्या वेळचा, आणि पडलेल्यापैकी निम्मेच पाणी वाहील असे धरून. बाकीचे निम्मे मुरवायला तेव्हा मोकळी जमीन होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हा हिशेब बदलायला सांगितले: पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरा, आणि मुरणारे काही नाही असे समजा. म्हणजे शहराची जमीन पाणी प्यायची थांबली आहे, हे त्या वर्षी सरकारी कागदावर आले. अंमल रेंगाळला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. मिठी नदीच्या काठची वस्ती बुडाली, शेकडो माणसे गेली. नंतर माधव चितळे समितीने ह्या पुराची चिकित्सा केली आणि ब्रिमस्टोवॅडच्या कामांना गती आली. गटारे रुंद झाली, हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी उपसा केंद्रे आली. पण नाल्यात पाणी जिथून येते ते वरचे आवार कोण तपासतो? इथे परवानगीचा प्रश्न सुरू होतो.

२. परवानग्यांची वाट

आपल्याकडे केवळ पावसाच्या पाण्यासाठी असा स्वतंत्र परवाना नाही. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या व्यवस्थेत एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरणाऱ्या बांधकामाला पावसाच्या वाहत्या पाण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. माती आवाराबाहेर कशी जाऊ देणार नाही ह्याचा आराखडा आधी करावा लागतो. आपल्याकडे हेच काम चार-पाच निरनिराळ्या कागदांतल्या अटींमध्ये वाटलेले आहे.

पहिला दरवाजा महानगरपालिकेचा. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३४६ व्या कलमाखाली जो कागद मिळतो त्याचे नाव मोठे गमतीचे आहे: नामंजुरीची सूचना. सगळे त्याला आयओडी म्हणतात. ह्या अटी पुऱ्या केल्या नाहीत तर तुमचे बांधकाम नामंजूर, असा त्याचा अर्थ. त्या अटींत पर्जन्य जलवाहिनी खात्याचे अभिप्राय येतात: आवारातून किंवा शेजारून नाला जातो का, त्याची रुंदी किती राखायची, आतल्या जलवाहिनीचा उतार कसा, ती पालिकेच्या वाहिनीला कोठे जोडायची. मग १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळतो. काम संपल्यावर जलवाहिनी पुरी झाल्याचे दाखवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, अशी रीत आहे. मुंबईबाहेर नावे बदलतात, क्रम साधारण हाच राहतो.

दुसरा दरवाजा पर्यावरण मंजुरीचा. मोठी बांधकामे २००४ साली प्रथम ह्या चौकटीत आली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने आजची पद्धत घातली. एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर ही मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटर किंवा पन्नास हेक्टरपासून पुढे नगरवसाहतीचे कडक कलम लागू होते. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश ह्या संगणकीय खिडकीतून जातो. राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती तो तपासून शिफारस करते आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण निर्णय देते. २०२५ च्या जानेवारीत केंद्राने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे ह्यांना सूट देऊ केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी रद्द केली. माझ्यासारख्या शिक्षकाने ह्याचे स्वागतच केले पाहिजे. शाळेच्या गच्चीवरचे पाणीही खालीच जाते.

तिसरा दरवाजा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. १९७४ च्या जलकायद्याखाली मंडळाची संमती घ्यावी लागते: आधी उभारणीची, मग वापराची. मंडळाचा मुख्य रोख मैलापाण्यावर असतो; पण मैलापाणी पावसाच्या वाहिनीत जाऊ नये, ही महत्त्वाची अट येथे बसते. शिवाय जागा खाडीजवळ किंवा भरतीच्या नाल्याजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी वेगळी.

३. अर्जातले प्रश्न

पर्यावरण मंजुरीच्या अर्जासोबत इमारतींसाठी जी प्रश्नावली असते, नमुना एक-अ, ती मी विद्यार्थ्यांना वर्गात वाचायला देतो. तिच्यातले प्रश्न चांगले आहेत. प्रकल्पामुळे पाण्याचे नैसर्गिक प्रवाह बदलतील का, ते उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावर दाखवा. आवारातल्या पावसाच्या पाण्याची व्यवस्था काय, परिसरात पूर येऊ नये म्हणून काय तरतूद केली आहे. बांधकामानंतर दीर्घकाळात वाहून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण व गुणवत्ता कशी बदलेल, त्यामुळे पूर किंवा तुंबण्याचा त्रास वाढेल का. आणि एक प्रश्न आपल्या माणसांचा आहे: बांधकाम मजूर मोठ्या संख्येने आल्यामुळे आवाराभोवती अस्वच्छता माजेल का?

मंजुरी देताना घातल्या जाणाऱ्या ठराविक अटीही चांगल्या आहेत. नैसर्गिक प्रवाह अडवू नये. मोकळ्या जागेचा किमान वीस टक्के भाग पाणी मुरेल असा ठेवावा. दर ५,००० चौरस मीटर बांधकामामागे पुनर्भरणाची किमान एक विंधण विहीर घ्यावी. मजुरांना आवारातच तात्पुरती घरे, फिरते संडास, पिण्याचे पाणी, दवापाणी, पाळणाघर द्यावे. माझ्या वडिलांनी ज्या इमारतींवर काम केले तिथे ह्यांतली एखादी सोय असती, तर माझ्या आईला पहाटे अंधारात उठून त्याच नाल्याच्या काठाला जावे लागले नसते. मजूर अस्वच्छता करतात का असा प्रश्न विचारायचा असतो तेव्हा मालकाने संडास किती दिले, हा प्रश्न त्याच्या पोटात असतो. अर्ज भरणारा पहिला प्रश्न वाचतो आणि पोटातला प्रश्न सोडून देतो.

४. जे विचारले जात नाही

आता दोष कोठे आहे ते पाहू. मला तो तीन ठिकाणी दिसतो.

पहिली गोष्ट, ही सारी तपासणी भूखंडाच्या कुंपणाशी थांबते. पाणी कुंपण ओळखत नाही. ते पाणलोट ओळखते. एका नाल्यावर दहा इमारती वेगवेगळ्या वर्षी उभ्या राहतात. प्रत्येकीचा अर्ज म्हणतो की आमच्यामुळे फारसा फरक पडणार नाही. दहा वेळा फारसा न पडलेला फरक खालच्या झोपडीत गुडघाभर होतो. वीस हजार चौरस मीटरच्या आतली बांधकामे तर ह्या मंजुरीच्या हिशेबातच नाहीत. ह्या संदर्भात बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत प्रांतांच्या सीमा ओलांडून सबंध खोरे हा एकक मानण्याचा आग्रह होता. आपण चवदार तळे लक्षात ठेवले आणि दामोदर विसरलो. महाडला १९२७ साली प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज ते पाणी कोणाच्या घरात शिरू द्यायचे हाही प्रश्न तेवढाच हक्काचा आहे.

दुसरी गोष्ट, इमारत बांधकामांना जनसुनावणीतून सूट आहे. खाण, धरण, कारखाना ह्यांसाठी बाधितांना बोलावून ऐकण्याची पायरी अधिसूचनेत आहे; इमारत व नगरवसाहत ह्यांना ती लागू नाही. कारण बहुधा असे धरले असावे की इमारतीमुळे बाधित कोण होणार? आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी एक संकुल आले. आवार भराव घालून कमरेएवढे उंच केले. मंजुरीचे कागद मिळवून मी वाचले. पूर वाढेल का, ह्या प्रश्नाला उत्तर एका ओळीचे होते: नाही, आवारात जलवाहिनीची व्यवस्था केली जाईल. आवारातले पाणी त्या वाहिनीने खरोखरच झटपट बाहेर जाते. बाहेर म्हणजे आमच्याकडे. उत्तर खोटे नव्हते. ते आवारापुरते खरे होते. सुनावणी झाली असती तर वस्तीतली कोणतीही म्हातारी उठून सांगू शकली असती की जुलैच्या भरतीला ह्या मोरीतून पाणी उलटे येते. ती माहिती कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात नव्हती, कारण ती म्हातारी अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तिसरी गोष्ट, साठवण आणि रोखून धरणे ह्यांतला फरक कागदावर पुसला जातो. पावसाचे पाणी वापरासाठी साठवायची टाकी पहिल्या दोन-तीन सरींतच भरते. ऐन अतिवृष्टीत ती भरलेलीच असते आणि पाणी सरळ रस्त्यावर सोडते. पूर कमी करायचा असेल तर पाऊस यायच्या आधी रिकामी असलेली, पाणी काही तास धरून मग हळूहळू सोडणारी टाकी लागते. पहिली टाकी रहिवाशांच्या पाण्याचे बिल वाचवते, दुसरी खालच्या वस्तीचे धान्य वाचवते. कोणती टाकी बांधली जाते हे सांगायला नको. बांधकाम चालू असतानाची स्थिती आणखी वाईट. खोदलेली माती, सिमेंटचे पाणी पहिल्या पावसात नाल्यात उतरते. मे महिन्यात सार्वजनिक पैशाने काढलेला गाळ जूनमध्ये खाजगी खड्ड्यातून परत येतो, आणि तो काढायला पुन्हा तीच माणसे उतरतात.

५. वाहिनीत उतरणारा माणूस

ही माणसे कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे एक कायद्याची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ साली दुसरा, अधिक व्यापक कायदा आला. मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकीत साधनांशिवाय, संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पण त्या कायद्यात मलवाहिनी म्हणजे मानवी मैला वाहून नेणारी भूमिगत वाहिनी, अशी व्याख्या आहे. नकाशावर पर्जन्य जलवाहिनी ही वेगळी वस्तू. तिच्यात फक्त पाऊस वाहतो. मुंबईसारख्या शहरात दोन्ही जाळी वेगळी बांधलेली आहेत आणि त्याचा तंत्रज्ञांना अभिमानही आहे. प्रत्यक्षात ज्या वस्त्यांना मलवाहिनी कधी दिलीच नाही त्यांचा मैला ह्याच पावसाच्या नाल्यात येतो, आणि चोरून जोडलेल्या चांगल्या इमारतींचाही येतो. बारमाही वाहणारा पावसाचा नाला हा शब्दप्रयोगच खोटा आहे. पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने त्यात काय वाहते ते पाहावे. तेव्हा कागदावर 'पर्जन्य' हा शब्द असला की ठेकेदाराला बोलायला जागा मिळते: हे मैल्याचे काम नव्हे, हे गाळाचे काम. शब्द बदलला की कायदा बदलतो. वास तोच राहतो. मैला वाहणाऱ्या उघड्या गटाराचा उल्लेख २०१३ च्या कायद्यात आहे, हे त्याला ठणकावून सांगितले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मलवाहिनीतील मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. हा निर्णय मोठा आहे. पण भरपाई मृत्यूनंतर मिळते, आणि परवानगी जन्माच्या वेळी दिली जाते. वाहिनीचा उतार, गाळ धरणारी चौकडी, माणूस न उतरता यंत्राने साफ करता येईल एवढे झाकण, हे सगळे आराखड्यातच ठरते. अरुंद, वळणाची, यंत्र न जाणारी वाहिनी मंजूर झाली त्याच दिवशी पुढल्या तीस वर्षांत तिच्यात कोणत्या जातीचा माणूस उतरणार हेही मंजूर झाले. म्हणून माझी मागणी साधी आहे. ही वाहिनी माणूस न उतरता कशी साफ होईल ते दाखवा, हा प्रश्न अर्जात हवा, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय मंजुरी नको.

६. आपल्या हाती काय

नवे कायदे होतील तेव्हा होतील. आहेत त्या कायद्यांत काही दारे उघडी आहेत. ती आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असावीत म्हणून नोंदवतो.

मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पकर्त्याला दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. त्यांपैकी एक त्या भागातल्या भाषेचे असले पाहिजे. मंजुरीची प्रत स्थानिक संस्थेकडे जाते आणि ती तिथे तीस दिवस लावून ठेवायची असते. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. १ जूनचा अहवाल म्हणजे पावसाच्या तोंडावरचा अहवाल. त्याची प्रत मिळवून नाल्यावर उभे राहून वाचावी. प्रत मिळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये आणि तीस दिवस. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यानंतर नाही. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. मुदत फार महत्त्वाची. आपली माणसे बहुधा पाणी घरात शिरल्यावर जागी होतात, आणि तोवर नव्वद दिवस केव्हाच उलटलेले असतात.

आमच्या कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी मागच्या दोन पावसाळ्यांत एक काम केले. वस्तीतल्या वीस घरांच्या भिंतींवर पाणी कोठवर चढले त्याच्या खुणा, तारीख, वेळ आणि त्या वेळची भरती अशी वही केली. ह्याला पैसे लागले नाहीत. एक टेप, एक वही आणि रोजची हजेरी लागली. ती वही आता कोणत्याही अर्जाला जोडता येईल असा पुरावा आहे. 'फारसा फरक पडणार नाही' ह्या वाक्यासमोर ठेवायला आपल्याकडे आकडा आला. नाल्याकाठच्या प्रत्येक वस्तीत, जिथे एखादा शिकणारा पोर आहे, अशी वही सुरू व्हावी.

एक आक्षेप येईल तो आधीच घेतो. बांधकाम थांबले तर आपल्याच माणसांची मजुरी जाईल, असे सांगितले जाते. मी त्याच मजुरीवर वाढलो, म्हणून ते हसण्यावारी नेत नाही. पण रिकामी टाकी बांधायलाही मजूर लागतात, रुंद वाहिनी खणायलाही लागतात, आणि मजुराचा संडास उभारायलाही गवंडीच लागतो. काम थांबवा असे कोणी म्हणत नाही. वरच्या माणसाने आपले पाणी आपल्या आवारात काही तास सांभाळावे, एवढेच म्हणणे आहे. शतकानुशतके आपण त्यांचे पाणी सांभाळले. परवानगी आजवर बांधणाऱ्याने मागितली आणि सरकारने दिली. ज्याच्या दारात पाणी येते त्याला त्या कागदावर जागा मिळेपर्यंत ती परवानगी अपुरीच समजली पाहिजे.